जुन्या मशीनचा स्विच बदलताना

(संस्थेच्या कौशल्य वर्गातील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंचावरून धम्मावर आणि संविधानावर पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. आज मात्र आम्ही एका ड्रिल मशीनच्या स्विचवर बोलणार आहोत. संस्थेने वर्गासाठी जुनी पिलर ड्रिल मशीन विकत घेतली आहे. एक हॉर्सपॉवरची, सिंगल फेज. मशीन चांगली आहे. ओतीव लोखंडाचा खांब सरळ आहे, स्पिंडलला खेळ नाही. पण तिला स्विच लावला आहे तो घरातल्या पंख्याला लावतात तसल्या जातीचा. वर केला की चालू, खाली केला की बंद. यात बिघडले काय, असे विचाराल.

मशीन चालू असताना वीज जाते. मुलगा क्षणभर वाट पाहतो आणि स्विच तसाच ठेवून पुढच्या कामाला लागतो. थांबलेली मशीन डोळ्यांना बंदच दिसते. तो चकमध्ये चावी घालून ड्रिल बदलू लागतो. तेवढ्यात वीज येते. चावीसकट चक फिरू लागतो, आणि मनगट किंवा ओढणी त्यात सापडते. यात मुलाच्या हलगर्जीपणाला दोष देऊन भागत नाही. विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे, म्हणून न विसरणारी वस्तू मशीनवर बसवावी लागते.

ती वस्तू म्हणजे नो-व्होल्ट कॉइल असलेला पुश-बटन स्टार्टर, बाजारात ज्याला डीओएल म्हणतात. त्याचे काम नीट समजून घ्या. हिरवे बटन दाबले की कॉइलला वीज मिळते, तिचे लोहचुंबक होते आणि ते संपर्क ओढून मोटर चालू करते. त्याच वेळी एक छोटा जादा संपर्क बंद होतो. तो हिरव्या बटनाला समांतर जोडलेला असल्याने बटन सोडले तरी कॉइल धरून राहते. लाल बटन या वाटेत ओळीने असते. ते दाबले की वाट तुटते. आता वीज गेली की कॉइल सुटते आणि सगळे संपर्क उघडतात. वीज परत आली तरी काही होत नाही, कारण वाट तुटलेलीच असते. माणसाने पुन्हा हिरवे बटन दाबले तरच मशीन चालते.

आपल्यापैकी ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांनी हाच स्टार्टर विहिरीवर पाहिला असेल, आणि त्याला जोडलेला ऑटोस्विचही. रात्री दोनला वीज येणार म्हटल्यावर शेतकऱ्याने ऑटोस्विच लावला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात आणि त्या भाराने ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून महावितरणने ऑटोस्विच काढा असे वारंवार सांगितले आहे. पंपाजवळ निदान कोणाचा हात नसतो. वर्कशॉपमध्ये ऑटोस्विच किंवा हिरव्या बटनात खुपसलेली काडी, दोन्ही आम्ही गुन्हाच समजतो.

1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 24 मध्ये, यंत्राची शक्ती तोडण्याच्या साधनांची आणि ती चुकून चालू होऊ नयेत याची तरतूद होती. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले तर तो कायदा लागू होई. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेत कारखान्याच्या व्याख्येतली ही संख्या वीस झाली. आपल्या पोरांची वर्कशॉपे दोन-तीन माणसांची. तिथे निरीक्षक येत नाही. तिथला निरीक्षक तुम्हीच.

आता प्रत्यक्ष काम. प्लग काढा, मेन स्विचचा फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवा. टेस्टरवर विसंबू नका. टेस्ट लॅम्प आधी चालू जागेवर लावून पाहा, मग मशीनवर, मग पुन्हा चालू जागेवर. कारण मधल्या मध्ये लॅम्पच गेला असेल तर? मोटरवरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, त्याची दोन टोके बल्बमधून जोडून ती उतरवा. प्रत्येक वायर सोडण्यापूर्वी तिला चिकटपट्टी लावून खूण करा.

जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळा न्यूट्रल; नव्या केबलमध्ये तपकिरी आणि निळा. पण वापरलेल्या मशीनला किती हातांनी वायर जोडली असेल याचा नेम नाही. लाल आहे म्हणून फेजच असेल, असे मानू नका. तथागतांनी कालामांना सांगितले तेच येथे लागू आहे: परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. कित्येक मशीनींत स्विच न्यूट्रलमध्येच जोडलेला सापडतो. मशीन थांबते खरी, पण वाइंडिंगमध्ये फेज तसाच उभा असतो. म्हणून स्टार्टरने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडले पाहिजेत.

जुना स्टार्टर घेतलात तर कॉइलवरचा आकडा वाचा. थ्री फेजच्या स्टार्टरमध्ये बहुधा 415 व्होल्टची कॉइल असते. ती 230 वर नीट ओढत नाही, नुसती गुणगुणते. कॉइल बदलावी लागते. ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपियरला लावा, आणि प्रवाह रिलेच्या तिन्ही पट्ट्यांतून जाईल अशी जोडणी आकृतीप्रमाणे करा. नाहीतर रिले वेळेआधीच पडतो आणि कोणीतरी शहाणा तो काढून टाकतो. अर्थिंगची हिरवी वायर मशीनच्या उघड्या, घासलेल्या लोखंडाला घट्ट आवळा. रंगावर आवळलेली अर्थिंग ही अर्थिंग नव्हे. शेवटी 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजा. एक मेगओहमपेक्षा कमी आले तर मोटर आधी दुरुस्तीला.

हे सारे आम्ही इतक्या तपशिलाने का सांगतो? एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि मॉडेल मिलसह तिने आपल्या कित्येक घरांना भाकर दिली. पण यंत्राजवळ उभे राहणे वेगळे आणि यंत्राचे पोट उघडण्याचा हक्क वेगळा. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना विजेचा विषयही त्यांच्याच खात्यात होता. ज्या वस्तीतल्या हातांना धागा जोडू दिला नाही, त्या वस्तीतली मुले आज आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री होतात. त्या हातांची बोटे शाबूत राहिली पाहिजेत, एवढाच आमचा आग्रह आहे.

स्टार्टर बसवल्यावर एक चाचणी करा. चकमध्ये काहीही न लावता मशीन चालू करा. दूर उभे राहून मेन स्विच पाडा, दहापर्यंत मोजा, पुन्हा चढवा. मशीन जागची हलता कामा नये. हलली तर फ्यूज पुन्हा खिशात आणि जोडणी पहिल्यापासून. दर आठवड्याला वर्ग सुरू होण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने ही चाचणी करून वहीत तारीख व सही टाकावी. वही आम्ही आज सोबत आणली आहे. ती संस्थेच्या सचिवांकडे देतो.

जयभीम.