रक्तातील प्रतिपिंडे आणि आतड्याचे विकार
(आरोग्य शिक्षणविषयक भाषणाचा मजकूर)



शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध आणि पोटात मुरडा आला की आव, असे निदान खेडोपाडी घरच्या घरीच होते. परंतु जुलाब महिनोन्महिने थांबत नाहीत, वजन घटते, रोगी खंगत जातो, तेव्हा आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या विकारांचा विचार करणे प्राप्त ठरते.

असे मुख्य विकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला व्रण पडतात. क्रोनचा रोग अन्नमार्गात कोठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९३२ साली प्रसिद्ध केले. मोठे आतडे पूर्ण काढल्यास पहिला विकार आतड्यापुरता संपतो. दुसरा शस्त्रक्रियेनंतरही उलटू शकतो. म्हणूनच दोहोंतील भेद ओळखणे अगत्याचे असते.

दुर्बिणीने तपासूनही काही रोग्यांत हा भेद उमगत नाही. अशा वेळी रक्तातील दोन प्रतिपिंडांची मदत घेतात. पहिले ‘आस्का’, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वाविरुद्धचे प्रतिपिंड. क्रोनच्या रोगात ते अधिक आढळते, हे १९८८ साली प्रसिद्ध झाले. दुसरे ‘पी-आन्का’. हे पांढऱ्या पेशींतील घटकांविरुद्ध असते. चकाकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पेशीकेंद्राभोवती कडे उजळलेले दिसते. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या निम्म्याहून अधिक रोग्यांत ते सापडते.

किण्वाचे नाव ऐकून गोमंतकातील कोणी पोदेराचा पाव बंद करू नये! प्रतिपिंड आढळले म्हणजे पावामुळे रोग झाला, असा अर्थ होत नाही.

या चाचणीची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. बेल्जियममधील लुवेन येथील संशोधकांनी निदान अनिश्चित असलेल्या ९७ रोग्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४७ जणांत दोन्ही प्रतिपिंडे नव्हती, म्हणजे जवळजवळ निम्म्या रोग्यांना चाचणीने काहीच वाट दाखविली नाही. ज्यांत केवळ आस्का होते आणि पुढे निदान निश्चित झाले, अशा दहांपैकी आठांना क्रोनचा रोग निघाला. दोघांच्या बाबतीत मात्र कौल चुकला.

भारतात आणखी एक पेच आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. आतड्याचा क्षय पुष्कळदा हुबेहूब क्रोनच्या रोगासारखा दिसतो, आणि आस्का दोहोंतही आढळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील २००७ सालच्या अभ्यासात या प्रतिपिंडावरून दोन रोग वेगळे करता आले नाहीत. क्रोनच्या रोगावरील स्टिरॉइड क्षयरोग्यास एकट्याने दिले तर क्षय बळावतो. त्यामुळे केवळ आस्काच्या अहवालावर औषध सुरू न करता आतड्याचा तुकडा काढून तपासणे, त्यात क्षयजंतूंचा शोध घेणे आणि छातीचे क्ष-किरण चित्र पाहणे आवश्यक ठरते. एवढे करूनही शंका उरल्यास डॉक्टर आधी क्षयाची औषधे देतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले की नाही ते पाहतात.