पातेऱ्याचे खत
राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पासलीच्या परिसरात पानझडी झाडांखाली उन्हाळ्याच्या तोंडावर पातेरा, म्हणजे वाळक्या पानांचा थर साचतो, आणि भातशेतकरी तो परंपरेने राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी वापरतात. राबामुळे तणांचे बी मरते व राखेतून पालाश मिळते, मात्र पाल्यातील बहुतेक कर्ब व नत्र धुरावाटे निघून जातात. म्हणून अंगणातील किंवा बागेतील पातेरा न जाळता खड्ड्यात त्याचे वीतभर थर रचून प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडला, मुठीत दाबल्यास थेंबभर पाणी सुटेल इतकी ओल राखली आणि ढीग अधूनमधून खालीवर केला, तर काही महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते. झाडाचे झाडाच्या मुळाशी परत जावे, यातच जमिनीचे हित आहे.