सोंठीचे कात्रेनगर

(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



हीरक महोत्सवात देणगीदारांची नावे वाचली जातात आणि ते योग्यच आहे. नागपूरकडून रुळांच्या वाटेने मराठी माणसे या प्रदेशात आली. कोणी रेल्वेत लागली, कोणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात. त्यांची मंडळे, गणेशोत्सव आणि शाळा वर्गणीवाचून उभ्या राहिल्याच नसत्या. त्याच रुळांवर बिलासपूरच्या पुढे चांपा हे स्थानक लागते. तेथून जवळच, सोंठी गावी, भारतीय कुष्ठ निवारक संघाचा आश्रम आहे. त्या वस्तीचे नाव कात्रेनगर. वरोड्याचे आनंदवन मराठी घराघरांत ठाऊक आहे. आपल्याच राज्यातील कात्रेनगर मात्र मोहन नगरातल्या किती घरांत ठाऊक असेल, याची शंका वाटते.

मराठी मुलखात कुष्ठसेवेची परंपरा मोठी. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली काम आरंभले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापली. हे सारे धडधाकट होते. ते आपणहून रुग्णांकडे गेले. सदाशिव गोविंद कात्रे यांची गोष्ट वेगळी आहे. ते रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांना स्वतःलाच कुष्ठरोग जडला. त्या काळी या रोगाचे नाव उच्चारले तरी सोयरेधायरे अंतर ठेवू लागत. कात्रे यांनी छत्तीसगडमधील बैतलपूरच्या मिशन रुग्णालयात उपचार घेतले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या भागात कुष्ठरुग्णांसाठी फार आधीपासून काम केले होते, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. पण रुग्णाला आपला धर्म आणि आपले सणवार राखून, स्वकष्टाने जगता येईल अशी जागा असावी, असे कात्रे यांना वाटे. 1962 साली त्यांनी चांपा येथे संघाची स्थापना केली. ज्याने हात पुढे करायचा, असे समाजाने ठरवून टाकले होते, तोच इतरांचा पोशिंदा झाला.

रोग बरा करणारे औषध असताना आश्रम कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात. हातापायांची संवेदना जाते. चुलीवरचे भांडे उचलताना चटका कळत नाही, चालताना काटा रुतलेला कळत नाही. जखम चिघळते, बोटे झडतात. औषधाने जंतू मरतात, पण गेलेली बोटे परत येत नाहीत, आणि ती बोटे पाहून शेजारीपाजारी दार लावून घेतात. म्हणजे माणूस दवाखान्यातून बरा होऊन निघतो आणि त्याला जायला घर नसते. कात्रेनगर आहे ते अशा माणसासाठी. तिथे रोजच्या रोज जखमा धुऊन मलमपट्टी होते. आणि ज्याला जे जमेल ते काम त्याच्या वाट्याला येते. शेती, भाजीपाला, गोशाळा, दोर वळणे, सतरंज्या विणणे, आणि खडू तयार करणे. फळ्यावर अक्षर उमटवणारा खडू अर्धवट बोटांच्या हातांनी घडवलेला असू शकतो, ही कल्पना शाळेच्या माणसाला सहज विसरता येत नाही.

1972 साली तेथे दामोदर गणेश बापट आले. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोट हे त्यांचे जन्मगाव. शिक्षण नागपूरला झालेले. आधी ते जशपूरच्या वनवासी कल्याण आश्रमात शिक्षक होते. 1977 साली कात्रे निवर्तले. पुढे चार दशके हे काम बापटांनी वाहिले. ते आश्रमातच राहिले, रुग्णांच्या पंगतीला बसले. पाहुण्यांची भीती घालवायला दहा भाषणांपेक्षा ते एक ताट अधिक उपयोगी पडले असणार. अविवाहित राहिलेल्या या माणसाचा संसार म्हणजे तीच वस्ती. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 17 ऑगस्ट 2019 रोजी ते गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

आश्रमात रुग्णांच्या मुलांसाठी वसतिगृह आहे, शाळा आहे. हा रोग आनुवंशिक नाही. ही मुले निरोगी असतात. तरीही आईबापांच्या रोगाची सावली मुलांच्या दाखल्यावर पडते. वाढदिवसाला फळे वाटून छायाचित्र काढणे सोपे. अशा मुलाला आपल्या पाल्याच्या बाकावर शेजारी बसू देणे, ही खरी देणगी. आणि तिची पावती फाडता येत नाही.

समाजाने मन बदलायला वेळ लावला, तसा कायद्यानेही लावला. कुष्ठरुग्णांना डांबून ठेवणारा 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होते. राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने 2005 च्या अखेरीस गाठले. छत्तीसगड मात्र आजही सर्वाधिक प्रादुर्भाव असलेल्या राज्यांत मोडते. म्हणून हा विषय इतिहासाचा नाही.

पालकांनी ध्यानात ठेवावे असे थोडेच आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तेथे स्पर्श, उष्णता किंवा वेदना जाणवत नसेल, तर लेप लावत बसू नये. सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावे. बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो, रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो, आणि उपचार सुरू होताच थोड्याच काळात रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही. वेळेवर औषध मिळालेल्या मुलाची बोटे शाबूत राहतात.

दुर्गहून चांप्याला थेट गाड्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनी जावे. शक्यतो एखाद्या साध्या, कामाच्या दिवशी, हारतुऱ्यांवाचून. आणि तिथे कोणी पुढ्यात चहा ठेवला, तर तो प्यावा.