पाऊस हवा धुतो, पण धुण्याचे पाणी कुठे जाते?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सुटले की आपण सगळे टीव्हीपुढे बसतो. इस्रोच्या अग्निबाणांची आवरणे बनवण्यात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरचा हात आहे, म्हणून आपल्याला अभिमान जरा जास्तच. पण मागे राहणाऱ्या पांढऱ्या धुराचे पुढे काय होते?

पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते. त्यात मोठा वाटा अमोनियम परक्लोरेटचा. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो, इंधनाच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश. हा वायू पाण्यात विरघळला की होते हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे आपण फरशी धुवायला आणतो तेच अ‍ॅसिड. यान झपाट्याने वर जाते, त्यामुळे जमिनीलगत यातला थोडाच भाग राहतो.

तो पाऊस धुऊन काढतो. प्रत्येक थेंब पडताना वाटेतला वायू शोषत येतो. तेवढेच पाणी बारीक थेंबांनी पडले तर हवेशी स्पर्श जास्त, म्हणून रिमझिम पाऊसही हे काम चांगले करतो. पण आम्ल नाहीसे होत नाही, फक्त खाली येते. अमेरिकेत स्पेस शटलच्या उड्डाणानंतर तळाजवळची झाडे आम्लाच्या थेंबांनी करपली आणि उथळ खाडीतले लहान मासे मेले, याच्या नोंदी आहेत.

आपल्या इच्छापोरजवळ अग्निबाण नाहीत. पण शेजारी हजिऱ्याचा औद्योगिक पट्टा आहे आणि रस्त्यावर ट्रकांची रांग आहे. इंधन जळले की गंधक आणि नायट्रोजनचे वायू निघतात. तेही पावसात उतरतात, मात्र हायड्रोजन क्लोराइडइतक्या लवकर नाही. म्हणून पावसाला घाबरायचे कारण नाही. स्वच्छ पावसाचा पीएचसुद्धा सुमारे ५.६, म्हणजे किंचित आम्लच असतो आणि आपल्याकडच्या धुळीतला चुना बरेचसे आम्ल मारतो. एवढे मात्र करावे : पहिल्या एक-दोन सरींचे गच्चीवरचे पाणी टाक्यात घेऊ नये, वाहून जाऊ द्यावे. त्यात आठ महिन्यांची धूळ आणि धूर असतो.

कारखान्यातले स्क्रबर याच तत्त्वावर चालतात. धूर चिमणीत जाण्याआधी त्यावर पाणी किंवा चुना कालवलेले पाणी फवारतात. त्या पाण्यावर प्रक्रिया करावी लागते, नाहीतर हवेतला त्रास खाडीत गेला एवढेच.

आज भाद्रपदात हवा स्वच्छ वाटते, ती पावसामुळे. थोड्याच दिवसांत पाऊस परत जाईल, मग दिवाळी येईल. तेव्हा आपण फोडलेल्या फटाक्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर धुवायला कोणी येणार नाही. तो आपल्याच मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या छातीत जाईल. चार महिने वरुणराजा आपले काम करतो. उरलेले आठ महिने ते आपल्याला करायचे आहे.

गणपती बाप्पा मोरया!