वाड्यात शूटिंग : सही करण्यापूर्वी
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आमच्या लष्करातल्या वाड्यात गेल्या हिवाळ्यात शूटिंग झाले हे कळल्यापासून प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच : किती मिळाले? तेच आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे निवांत ऐकता येईल. शूटिंगचे ५ दिवस, दिवसाला १५ हजार. तयारीचे ४ आणि आवराआवरीचे २ दिवस निम्म्या दराने. एकूण १ लाख २० हजार. काहींचे चेहरे उजळले, काहींचे पडले. मुंबईचे आकडे डोक्यात असतील तर ते इथे लागू नाहीत.

हा विषय आता आपल्या दारात आला आहे. चंदेरीत ‘स्त्री’ चित्रित झाला, महेश्वरला ‘पॅडमॅन’, आपल्या ग्वाल्हेरात ‘लुका छुपी’. राज्याने २०२० मध्ये चित्रपट पर्यटन धोरण आणले. चित्रपटस्नेही राज्याचा राष्ट्रीय पुरस्कार २०१७ आणि २०२० या वर्षांसाठी मध्य प्रदेशालाच मिळाला. या मंडळींना जुने चौक, लाकडी खांब, कोनाडे हवे असतात. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे पडली आणि तिचेच लष्कर झाले. त्यामुळे असे चौक अजून आपल्याच लोकांकडे आहेत, जिथे बिल्डरने हात घातलेला नाही तिथे.

आम्ही होकार दिला तो छपरासाठी. पश्चिमेकडची बाजू तीन पावसाळे गळत होती. पुण्याचे चुलतभाऊ विकून टाका म्हणत होते, नागपूरचे गप्प होते. वाडा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या, फोनवरचे ‘हो’ चालत नाही. तळमजल्यावर भाडेकरू असेल तर त्याचीही घ्या. आमच्यासारख्या सरकारी नोकरांनी कार्यालयाला लेखी कळवावे, आम्ही कळवले. टीडीएस कापला तर प्रमाणपत्र मागून घ्यावे, नाही कापला तरी उत्पन्न विवरणपत्रात दाखवावेच.

आता बांधकामाचे बोलतो, कारण आम्ही पेशाने उपयंत्री आणि हेच आम्हाला जास्त कळते. कलाविभागाची माणसे येतात ती भिंत रंगवायलाच. आपल्या वाड्यांच्या भिंती चुन्याच्या. त्यांवर प्लास्टिक पेंट मारला की आतली ओल बाहेर पडत नाही, मग वर्षभरात पापुद्रे सुटतात आणि गिलावा सोबत घेऊन जातात. आम्ही करारात लिहून घेतले : रंग फक्त चुन्याचा किंवा साध्या डिस्टेंपरचा, खिळा फक्त लाकडी पट्टीवर, भिंतीत नाही. तयारीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या माणसाला बरोबर घेऊन प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढले आणि दोघांच्या सह्या केल्या. घरच्यांनी त्याला ‘साहेबांचा पंचनामा’ म्हणून हसून घेतले. शेवटच्या दिवशी चौकातल्या दोन फरश्या तडकलेल्या निघाल्या, तेव्हा त्याच पंचनाम्यावर अनामत रकमेतून भरपाई मिळाली. वाद पाच मिनिटे चालला.

त्याहून मोठी गोष्ट भाराची. वरच्या माडीची जमीन कडीपाटाची आहे. युनिटची साठ माणसे म्हणजे सरासरी ६५ किलोने धरली तरी जवळजवळ ४ टन, शिवाय दिवे, ट्रॉलीचे रूळ, कॅमेरे. आजचे नवे घर आखताना मजल्यावर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. शंभर वर्षांच्या तुळईला, जिचे भिंतीतले टोक वाळवीने खाल्ले आहे की नाही हे दिसतही नाही, तो हिशेब लावता येत नाही. म्हणून माडीवर एका वेळी १५ माणसे, जास्त नाही. दिग्दर्शकाला आवडले नाही, पण त्यांनी पाळले. वीज त्यांच्या जनरेटरची, आपल्या मीटरला हात नाही. आणि संडास! साठ माणसे आणि घरात दोन. फिरत्या शौचालयाची गाडी त्यांनीच आणायची, हे कलम विसरू नका. वहिनींना विचारा, सगळ्यांत महत्त्वाचे कोणते ते.

गल्लीचाही विचार करावा लागतो. समोरच्या मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षा जवळ आली होती, म्हणून जनरेटरची गाडी गल्लीच्या टोकाला आणि काम रात्री नऊला बंद.

एवढे सगळे लिहून झाल्यावर आम्हाला वाटले, करार पक्का झाला. पण जे कलम आमच्या डोक्यात नव्हते ते आईने घातले. लोकेशन मॅनेजर माजघर बघत उभा होता. आईने त्याला चहा दिला आणि विचारले, “भैया, कहानी में यहाँ होता क्या है?” तो जरा चाचरला. मग म्हणाला, “अम्माजी, बहू यहीं फाँसी लगाती है. बीम अच्छी है.” आई म्हणाली, “इस कमरे में मेरी दोनों लड़कियों का डोहाळजेवण हुआ है. यहाँ नहीं.”

त्या रात्री पुण्याहून फोन. काकू, ते खोटे असते, नुसते नाटक. छप्पर मात्र खरोखर गळते आहे. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमच्या घरातही दोन मते पडली. पण आईचा मुद्दा शुभ-अशुभाचा एवढाच नव्हता. ती म्हणाली, पडद्यावर वाडा ओळखू येणार. उद्या नातीच्या स्थळाकडचे लोक येतील, त्यांनी माजघरात बसून आधी तुळईकडे बघायचे का? चित्रण एकदा झाले की ते निर्मात्याच्या मालकीचे. कुठे, किती वर्षे दाखवायचे ते तोच ठरवतो. आपल्याला मागाहून ‘तेवढे काढा’ म्हणता येत नाही. म्हणजे म्हणायची वेळ सहीआधीचीच.

आम्ही दृश्यांची यादी कराराला जोडायला लावली : कोणत्या खोलीत काय घडते, एकेका ओळीत. देवघराला कुलूप. माजघरातले ते दृश्य त्यांनी दुसरीकडे हलवले, त्यामुळे ठरलेल्या ६ दिवसांचे ५ झाले आणि आमचे १५ हजार कमी झाले. पुण्याच्या भावांच्या मते ते आम्ही घालवले. अजूनही लग्नाकार्यात ते बोलून दाखवतात.

पश्चिमेकडचे छप्पर झाले. या पावसाळ्यात पूर्वेकडची बाजू गळते आहे. गेल्या आठवड्यात दुसरे एक युनिट वाडा पाहून गेले. त्यांची दृश्यांची यादी आली आहे, आई चष्मा लावून ती वाचते आहे. कराराच्या मसुद्याच्या प्रती इथे टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या त्यांनी आरतीनंतर घेऊन जाव्यात.