घारापुरीला खरोखर किती माणसे येतात?



एखाद्या लहानशा बेटाकडे खरोखरच मोठ्या संख्येने पर्यटक आकृष्ट होतात काय, हा प्रश्न पर्यटन खात्याने सोडवावा, राजकीय कार्यकर्त्यांनी त्यात वेळ का दवडावा, असे कोणास वाटणे शक्य आहे. परंतु कोकण किनाऱ्यावर विकासाची जी भाषा आज बोलली जाते, तिच्यात पर्यटनाचे नाव निघाले की पुढचे सारे प्रश्न मिटले असे गृहीत धरले जाते. माणसे येतील, पैसा येईल, गाव सुधारेल. हे गणित एखाद्या बेटावर प्रत्यक्ष तपासून पाहावयाचे तर घारापुरीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण तेथे माणसे येतात की नाही, हा वादच नाही.

माणसे येतात, भरपूर येतात. गेटवे ऑफ इंडियापासून अवघ्या दहा-अकरा किलोमीटरांवर हे बेट आहे. लाँचला सुमारे तास लागतो. सोमवारी लेणी बंद असतात. तो दिवस सोडला आणि समुद्र खवळलेला नसला, तर सकाळपासून लाँचमागून लाँच धक्क्याला लागते. देशी-परदेशी पाहुणे, शाळांच्या सहली, नवविवाहित जोडपी, सारे उतरतात. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हापासून तर जगभरच्या मार्गदर्शक पुस्तकांत घारापुरीचे पान ठरलेले आहे.

परंतु ही माणसे कशाकडे येतात? ती लेण्यांकडे येतात, बेटाकडे नव्हे. हा भेद शब्दच्छल वाटेल. वास्तविक सारा प्रश्न त्यातच आहे. धक्क्यावरून मिनी ट्रेनने किंवा पायी पायथ्यापर्यंत यावयाचे, दुकानांच्या दुतर्फा रांगांमधून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढावयाच्या, सहाव्या शतकातल्या त्या भव्य सदाशिवमूर्तीपुढे (ती सुमारे वीस फूट उंच आहे आणि तिच्यापुढे माणूस आपोआप गप्प होतो) काही वेळ उभे राहावयाचे, आणि परतीची लाँच पकडावयाची. पर्यटकाला बेटावर रात्रीचा मुक्काम करता येत नाही. संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की बेट पुन्हा हजार-बाराशे रहिवाशांचे होते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी येथे तीन गावे आहेत, उरण तालुक्यातली त्यांची ग्रामपंचायत आहे, हे येणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते? पूर्वेकडच्या टेकडीवरचा बौद्ध स्तूप पाहावयास जाणारेसुद्धा विरळाच.

बेटाच्या ‘एलिफंटा’ या नावाचीच कथा पाहा. पोर्तुगीजांनी ते नाव दिले ते राजबंदराजवळच्या दगडी हत्तीवरून. १८६४ साली तो विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो भंगला, आणि आज त्याचे जोडलेले रूप भायखळ्याला, जिजामाता उद्यानाच्या आवारात उभे आहे. ज्या हत्तीवरून बेट जगाला ठाऊक झाले, तोही मुंबईला गेला. बेटावरून जे मोलाचे ते मुंबईकडे जावयाचे, हा रिवाज असा जुना आहे.

विजेची हकीकत तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी. समोर मुंबईचे दिवे रात्रभर झळकत असत आणि घारापुरीच्या घरांत संध्याकाळी काही तास जनित्रावर दिवे लागत, मग अंधार. शीतगृह नाही, पिठाची गिरणी धड चालावयाची नाही, मुलांचा अभ्यास त्या दोन-तीन तासांत उरकावयाचा. समुद्राखालून साडेसात किलोमीटरांची केबल टाकून बेटाला कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. खर्च सुमारे पंचवीस कोटी रुपये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी आणि जागतिक वारसा झाल्यावर तीस वर्षांनी! त्या तीस वर्षांत परदेशी पाहुण्यांची रांग लागतच होती. पर्यटकांच्या पावलांमागून सोयी आपोआप येतात, असे सांगणाऱ्यांनी या तीस वर्षांचे उत्तर द्यावे.

उत्तर अवघड नाही. दिवसा येऊन दिवसा परतणाऱ्याला रात्रीच्या अंधाराची तोशीस नसते. तो येताना पाण्याची बाटली घेऊन येतो. बेटावरच्या पाणवठ्यांशी त्याचा संबंध नसतो. उलट डोक्यावर हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांचे छायाचित्र काढून तो दोन-चार नाणी देतो. पाण्याची वणवण हीच जेथे प्रेक्षणीय वस्तू ठरते, तेथे नळ यावा अशी निकड पाहुण्याला कशी वाटणार?

पैशाचा प्रवास पाहिला तरी हेच दिसते. लेण्यांचे तिकीट पुरातत्त्व खात्याचे, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत जाणारे. लाँचच्या भाड्याचा हिशेब गेटवेवर होतो. हॉटेलची खोली, रात्रीचे जेवण, टॅक्सी हे सारे मुंबईत. बेटाच्या वाट्याला माळा, मूर्ती, टोप्या, काकडी, ताक यांची विक्री, डोलीवाल्यांची मजुरी आणि ग्रामपंचायतीचा किरकोळ प्रवासी कर. अर्थात हे उत्पन्न तुच्छ लेखण्याचे कारण नाही. २०२० च्या टाळेबंदीत लेणी बंद झाली तेव्हा किती चुली याच विक्रीवर पेटत होत्या, हे स्पष्ट झाले. भातशेती थोडी, मासेमारीची जागा तर न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून मोठ्या जहाजांच्या वर्दळीत आक्रसत गेली. जुना धंदा सुटला आणि नवा परस्वाधीन, अशी ही स्थिती आहे. ‘पर्यटक नकोत’ अशी घोषणा घेऊन तेथे जाणाऱ्याला गावकरी परत पाठवतील, आणि ते योग्यच होईल.

आणखी एक गोष्ट. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची चाचणी चाललेली वेगवान नौका आदळली आणि १५ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची सक्ती झाली. पाहुणा हा समुद्र आयुष्यात एकदा ओलांडतो. बेटावरचा मुलगा कॉलेजसाठी, बाळंतीण दवाखान्यासाठी तोच समुद्र वारंवार ओलांडत आली, तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेची विचारपूस कोणी केली होती?

बेटावर पर्यटक राहू लागला म्हणजे चित्र बदलते काय? मालदीवचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे १९७२ साली पहिले रिसॉर्ट निघाले, आणि २०२४ मध्ये पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. परंतु दीर्घकाळ धोरण असे होते की रिसॉर्ट निर्जन बेटावर आणि जनता दुसऱ्या बेटावर. २००९ पासून वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना वाट मोकळी झाली, तेव्हा कोठे सामान्य कुटुंबांना आपल्याच घरात पाहुणा ठेवून मिळवता येऊ लागले. तेथील सारे आलबेल आहे असे नाही. पण संख्या तीच असताना व्यवस्था बदलली की पैसा वेगळ्या हातांत जातो, एवढे त्यावरून दिसते.

म्हणूनच घारापुरीसाठी ज्या योजना निघतात त्या नीट वाचल्या पाहिजेत. शिवडीपासून बेटापर्यंत आठ किलोमीटरांच्या रज्जुमार्गाची कल्पना २०१७ च्या सुमारास पुढे आली. संख्या तिने खात्रीने वाढेल. परंतु आकाशातून उतरलेला प्रवासी धक्क्यावरून चालत येणार नाही, आणि गावकऱ्यांची दुकाने नेमकी त्याच वाटेवर आहेत. मुक्काम आणखी अल्प, खरेदी आणखी कमी, गर्दी मात्र दुप्पट. अशा योजनेवर ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय एक खांबही उभा राहू नये, ही मागणी पक्षाच्या रायगडमधील कार्यकर्त्यांनी आत्ताच लावून धरावयास हवी.

त्याचबरोबर तिकिटाच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा ग्रामपंचायतीला मिळावा. रहिवाशांसाठी दिवसरात्र उपलब्ध असणारी रुग्णनौका असावी. मुक्कामाची परवानगी द्यावयाचीच तर ती गावकऱ्यांच्या राहत्या घरांपुरती असावी. आणि या सर्वांच्या आधी जमिनीचा बंदोबस्त हवा. मांडवा-अलिबागच्या बाजूला मुंबईच्या धनिकांनी वाड्या कशा घेतल्या आणि जुने मालक त्यांच्याच फाटकावर राखणदार म्हणून कसे उभे राहिले, हे कोणाला सांगावयास नको. घारापुरीत मुक्कामाची परवानगी निघाल्याची नुसती वार्ता फुटली, तरी दलाल दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लाँचने धक्क्यावर उतरतील.