छत्री कोणी बांधली?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजन, आणि केस रंगवलेल्या व न रंगवलेल्या माझ्या सगळ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी दहा घेणार आहे. शाळेत असताना कधी जास्त बोलले नाही, ती शिल्लक आज वापरते.

आपल्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हमखास विचारतं, "ए, ते अंड्याचं पॅराशूट कुणाच्या वडिलांनी सोडलं होतं गं?" ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तुम्हा सगळ्यांना ते अंडं आठवतं. मला मात्र त्याच्या आधीची दोन मिनिटं आठवतात. आज त्या दोन मिनिटांबद्दल बोलायचं आहे.

अण्णा हवाई दलात होते आणि त्यांची बहुतेक नोकरी आग्र्याला झाली. आम्ही भावंडं शिक्षणासाठी आईबरोबर इथे साताऱ्यात. अण्णा वर्षातून एकदा रजेवर यायचे, पेठ्याचे डबे घेऊन. मे महिन्याच्या सुट्टीत कधीकधी आम्ही आग्र्याला जायचो. तिथे पहाटे उठवून ते आम्हाला मालपुऱ्याच्या मैदानाच्या बाजूला घेऊन जात. वारा पडलेला असतो म्हणून उड्या सकाळी लवकर होतात. आधी विमानाचा आवाज यायचा, मग विमान, आणि मग त्याच्या मागे आभाळात एकामागून एक फुलं उमलावीत तशा छत्र्या उघडायच्या. पॅराशूटला अण्णा कायम छत्रीच म्हणत. आम्ही टाळ्या वाजवायचो. अण्णा टाळ्या वाजवत नसत. ते बोटांवर मोजत असत. शेवटची उघडली की म्हणत, "चला, चहा पिऊ."

पाचवीत बाईंनी 'माझे वडील' हा निबंध दिला. मी लिहिलं, "माझे वडील विमानातून उडी मारतात. ढगातून खाली येताना त्यांना जग खेळण्यासारखं दिसतं." बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि फलकावर लावला. तुम्ही मला 'पॅराशूट' म्हणायला लागलात. कुणीतरी माझ्या दप्तरावर निळी तेलाची बाटलीही काढली होती. पण त्या चिडवण्यात मान होता, आणि मला तो हवा होता.

कारण निबंध खोटा होता. अण्णांनी उभ्या आयुष्यात एकही उडी मारली नाही. ते उडी मारणाऱ्यांच्या छत्र्या बांधायचे. हवाई दलात त्यांच्या कामाला 'सेफ्टी इक्विपमेंट वर्कर' म्हणत. एवढं मोठं नाव मला लिहिता येत नव्हतं असं मी पुढे स्वतःला सांगितलं. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

त्याच वर्षी जानेवारीत अण्णा रजेवर आले आणि बाईंनी त्यांना वर्गात बोलावलं. नको जाऊ म्हणून मी घरी ताप आल्याचंही नाटक केलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आणि बाई, तुम्ही मोठ्या प्रेमाने, त्यांची ओळख म्हणून माझा निबंध वाचलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाले, "बाईंची परवानगी असेल तर एक दुरुस्ती करतो. उडी मारणारे जवान वेगळे. मी त्यांच्या छत्र्या बांधतो."

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे घड्या घालतात!" सगळा वर्ग हसला. आवाज कुणाचा ते मला माहीत आहे. ते गृहस्थ आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि गुलाबजाम त्यांनी दोनदा घेतले आहेत. त्यांच्यावर राग नाही. हसू सगळ्यांनाच आलं होतं. मी बाकाकडे बघत राहिले. मला वाटलं, अण्णांनी निदान माझ्यासाठी तरी एवढं खोटं चालवून घ्यायला हवं होतं.

ती ती दोन मिनिटं.

पुढचं तुम्हाला आठवतं. अण्णांनी पिशवीतून जुन्या कापडाची छत्री काढली. शिपाईमामांनी समोरच्या टपरीवरून दोन अंडी आणली. कापूस भरलेल्या डब्यात पहिलं अंडं ठेवून अण्णांनी गच्चीवरून सोडलं. छत्री उघडली, डोलत डोलत खाली आली, अंडं शाबूत. मग त्यांनी तीच छत्री आपल्यासमोर पुन्हा बांधली. फक्त दोन दोऱ्या एकमेकींवरून नेल्या आणि त्यांना एक पीळ दिला. डबा दगडासारखा खाली आला. झाकण उघडल्यावर कुणी हसलं नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "घडी तीच. एक पीळ जास्त."

घरी जाताना मी वाट बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. पोवई नाका गेला. घराच्या वळणावर ते म्हणाले, "निबंध छान आहे. 'विमान'मधला 'वि' ऱ्हस्व लिहायचा." बस. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता त्या घडीविषयी थोडं सांगते, कारण ती समजायला मला पुढची वीस वर्षं लागली.

सैनिकांची साधी उडी असते तेव्हा उडी मारणाऱ्याने दोरी ओढायची नसते. छत्रीचा एक पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. माणूस बाहेर पडला की तो पट्टाच छत्री ओढून काढतो. म्हणजे दारातून पाऊल बाहेर टाकल्यावर त्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. जे व्हायचं ते टेबलावर आधीच झालेलं असतं. छत्र्या बांधण्याचं टेबल लांबच लांब असतं. वापरून आलेली छत्री आधी उंच मनोऱ्यात टांगून वाळवायची, गवत-कुसळं झटकायची. मग टेबलावर ताणून एकेक पाकळी उजव्या-डाव्या बाजूला रचायची. त्या घसरू नयेत म्हणून त्यांवर शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या ठेवायच्या. दोऱ्या सरळ करायच्या, नागमोडी घालून रबरात अडकवायच्या. आग्र्याच्या कोरड्या उन्हाळ्यात नायलॉन विजेने अंगाला चिकटतं, तेही सांभाळायचं. शेवटी हातातली सगळी हत्यारं मोजायची, कारण एखादं आत राहिलं तर छत्री अडकू शकते. मग कार्डावर तारीख आणि सही.

भारतीय माणसाच्या पहिल्या उड्या १९४१ सालच्या, कराचीत: डॉक्टर असलेले रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. १९५९ मध्ये हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. पण हे सगळं लष्करी काम होतं. उडी हा खेळ आहे, हे आपल्याकडे हळूहळू रुजलं. परदेशात १९५१ मध्येच युगोस्लाव्हियातल्या ब्लेडला पहिली जागतिक स्पर्धा झाली होती. आपल्याकडे खेळ म्हणून उडी मारायची तरी विमान सैन्याचं, मैदान सैन्याचं, छत्री सैन्याची. १९७९ मध्ये रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचल थॉमस यांनी उड्या मारायला सुरुवात केली. एन.सी.सी.ची कॉलेजातली मुलं-मुली आग्र्याला यायला लागली. १९८७ मध्ये हवाई दलाचा 'आकाशगंगा' हा उड्यांचा संघ उभा राहिला.

अण्णा या सगळ्या काळात त्या टेबलाशी होते. "रेचल थॉमसची छत्री तुम्ही बांधली होती का?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "टेबलावरून शेकडो छत्र्या जायच्या. कुठली कुणाच्या पाठीवर गेली, ते आम्ही विचारत नसू. नाव कळलं की हात वेगळा चालतो. तो चालू नये."

खेळाच्या उड्या आल्या तसं त्यांचं काम बदललं. गोल छत्रीच्या जागी चौकोनी छत्री आली. पतंग बनवणाऱ्या डोमिना जॅल्बर्ट या माणसाने १९६४ मध्ये ती शोधली होती. तिच्या कप्प्यांत हवा भरते आणि ती पंखासारखी तरंगते, वळवता येते. गोल छत्रीने जमिनीवर येणं म्हणजे पुरुषभर उंचीच्या गडग्यावरून उडी टाकणं. चौकोनी छत्रीने पायरी उतरल्यासारखं उतरता येतं. पण तिची घडी पूर्ण निराळी. पंचवीस वर्षं एका घडीत मुरलेले अण्णा चाळिशी उलटल्यावर आपल्यापेक्षा वयाने लहान माणसांकडून नवी घडी शिकले. त्या वर्षीच्या रजेत त्यांनी आईच्या नऊवारीवर सराव केलेला मी पाहिला आहे. आई म्हणाली, "एवढी घडी कपाटातल्या कपड्यांची घातली असती तर!"

खेळात मुख्य छत्री बहुधा उडी मारणारा स्वतः बांधतो. राखीव छत्री मात्र शिकलेल्या बांधणाऱ्यानेच बांधायची. ती सहसा उघडतच नाही. तरी ठरावीक मुदत झाली की उघडायची, तपासायची, पुन्हा बांधायची. ज्या कामाचा बहुतेक वेळा उपयोगच होत नाही, ते काम दर वेळी पहिल्यासारखं करायचं.

मी इंजिनिअर झाले. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी एका कामावर मी तपासल्याची सही दिली. यादीत चाळीस खुणा होत्या, त्यातल्या सात-आठ मी न बघताच केल्या होत्या. सगळेच करतात. रात्री झोप येईना. अकरा वाजता अण्णांना फोन लावला. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. ऐकून घेतलं आणि एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती.

एका संध्याकाळी क्वार्टरवर जेवताना त्यांच्या मनात आलं की शेवटच्या छत्रीनंतर आपण हत्यारं मोजली का? आठवेना. ते उठले, परत गेले, वरिष्ठांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी बांधलेल्या नऊ छत्र्या पुन्हा उघडल्या. जोडीदार न बोलता मदतीला थांबला. पहाटेपर्यंत नऊच्या नऊ परत बांधल्या आणि पुन्हा सह्या केल्या.

मी विचारलं, "काही निघालं?"

"काही नाही."

"मग?"

"मग काय. झोप लागली."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सांगितलं की मी न बघता सही केली आहे. दोन दिवस काम थांबलं. बोलणी खाल्ली. निघालं तेही किरकोळच. पण पाचवीतल्या त्या दुपारी ते माझ्यासाठी खोटं का बोलले नाहीत, ते मला त्या दोन दिवसांत कळलं. ज्या माणसाची सही कुणाच्या तरी पाठीवर बसून विमानातून बाहेर पडते, त्याला लेकीसाठीसुद्धा खोट्याखाली सही करता येत नाही. आणि त्यांना त्या कामाची लाजही नव्हती. लाज माझी होती.

२००४ मध्ये पुण्याच्या शीतल महाजनने उत्तर ध्रुवावर उडी मारली. आयुष्यातली तिची ती पहिलीच उडी. सगळ्या पेपरांत फोटो. मी फोनवर म्हटलं, "अण्णा, वाचलंत का?" म्हणाले, "वाचलं. मोठ्या काळजाची पोर." मग थांबून, "छत्री कोणी बांधली, ते कुठं दिलंय का?" दिलेलं नव्हतं. ते कधीच दिलेलं नसतं. तक्रार म्हणून नाही विचारलं त्यांनी. आपल्या धंद्यातला एखादा माणूस तिकडे बर्फात आहे, त्याची चौकशी केल्यासारखं विचारलं.

हे मी त्यांना सांगायचं राहून गेलं. निबंधाबद्दल मी कधी माफी मागितली नाही. फोनवर बोलायचो तेव्हा वाटायचं, आता काय तीस वर्षांनी. मग बोलायला माणूसच राहिलं नाही. म्हणून आज तुमच्यासमोर सांगितलं, कारण खोटं तुमच्यासमोर बोलले होते.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. माझा निबंध मी दुरुस्त करून देते. मार्क कापायचे तर कापा.

"माझे वडील विमानातून उडी मारत नसत. ते उडी मारणाऱ्यांच्या छत्र्या बांधत. खाली येताना जग कसं दिसतं, ते त्यांना माहीत नव्हतं. ते जमिनीवर उभे राहून छत्र्या मोजत, आणि शेवटची उघडली की चहा प्यायला जात."

'विमान'मधला 'वि' ऱ्हस्व लिहिला आहे.